आमची वाटचाल : फक्त मेंढ्यासाठी

कृत्रिम रेतनासाठी मेंढ्याचं वीर्य गोठवताना त्यातले शुक्राणू जगवायला लागणारं रक्षक द्रावण आम्ही बनवतो. वळूचं नाही, फक्त मेंढ्याचं. वळूसाठीचं द्रावणच मेंढ्याला वापरून निकाल आला नाही की नराला दोष द्यायचा, हे आम्ही खूप पाहिलं आणि त्यातूनच हे काम हाती घेतलं.

मेंढ्याचा शुक्राणू फार नाजूक. त्याच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात, कोलेस्टेरॉल कमी आणि असंपृक्त मेदाम्लं भरपूर. भरभर थंड केलं की पटलातला मेद थिजतो, त्याची मांडणी विस्कटते आणि गोठवण्याआधीच शुक्राणू निकामी होतात. म्हणून ५ अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू, तास-दोन तास घेऊनच उतरायचं. या टप्प्यात अंड्याचा बलक उपयोगी पडतो, कारण त्यातली लिपोप्रथिनं (मेद आणि प्रथिनं मिळून बनलेले कण) पटलाला धरून ठेवतात. पुढे बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवायला ग्लिसरॉल. त्याचा हा गुण पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवून दिला. मात्र मात्रा वाढली की तेच ग्लिसरॉल मेंढ्याच्या शुक्राणूला बाधतं. आम्ही ४ ते ६ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला बलकाविना द्रावणाने. बलक प्रत्येक वेळी सारखा नसतो, त्यातून जंतू येण्याची भीती असते आणि त्याच्या कणांमुळे सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. बलकाऐवजी सोयाबीनचं लेसिथिन हा मेदयुक्त पदार्थ घेतला, पण त्याचं प्रमाण जुळवणं जिकिरीचं. थोडं कमी पडलं तर रक्षण अपुरं, जास्त झालं तर द्रावण गढूळ आणि दाट. त्यात भर म्हणून ट्रेहॅलोज. ही साखर पेशीत शिरत नाही, बाहेर राहूनच पेशीतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे आत बर्फ कमी होतो.

शुक्राणूंची नुसती हालचाल पाहून माल पाठवायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो. वितळवल्यावर जोमाने पळणाऱ्या शुक्राणूचंही पटल फाटलेलं असू शकतं. त्यामुळे द्रावणाच्या प्रत्येक खेपेत वीर्याचा नमुना गोठवून, वितळवून सौम्य क्षारद्रावणात सोडतो. पटल शाबूत असेल तर शेपटी फुगून वळते. वितळवल्यानंतर काही तासांनी किती शुक्राणू तग धरून आहेत, हेही पाहतो. या चाचण्यांना वेळ लागतो आणि मागणी असतानाही माल थांबतो. ते आम्हाला मान्य आहे.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगतो. मेंढीच्या गर्भाशयमुखात वेड्यावाकड्या घड्या असतात, रेतनाची नळी सहसा आरपार जात नाही. गोठवून वितळवलेले शुक्राणू थोडा काळच टिकतात, त्यांना मुखापासून गर्भाशयापर्यंतचं अंतर झेपत नाही. पोटात दुर्बीण घालून थेट गर्भाशयात रेतन केलं तर गर्भधारणेचं प्रमाण बरंच सुधारतं. तेव्हा मागणी नोंदवताना रेतन कोणत्या पद्धतीने करणार आणि वीर्य भरायची कांडी पाव मिलिलिटरची की अर्ध्याची, एवढं जरूर कळवा. गोठवण्याचं वेळापत्रक आम्ही त्यावरूनच लिहून देतो.