सेकंडहॅंड पिकअप घेतली आणि आधी तिचं मॉडिफिकेशन उतरवलं

आजऱ्याजवळ आमची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ ची दीडशेक झाडं, आणि डांबरी रस्त्यापासून बागेपर्यंत साधारण दोन किलोमीटर कच्चा रस्ता. रस्ता म्हणजे काय, अर्धा जांभा दगड आणि अर्धी तांबडी माती, मधी एक ओढा आणि ओढा ओलांडला की एक उभी चढण. उन्हाळ्यात तिथनं काय पण जातं, रिक्षा पण गेलेली बघितलीय मी, पण जूनचा दुसरा आठवडा उजाडला की ट्रॅक्टरशिवाय काही नाही. मी कोल्हापुरात राहतो, शनिवार-रविवार बागेवर जातो, आणि दर वेळी खालच्या फाट्यावर कार लावून खताची पोती शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर टाकायची नि त्याच्या वेळेप्रमाणं थांबायचं ह्याला कंटाळलो होतो. आबांचं म्हणणं जुना ट्रॅक्टर घे. पण ट्रॅक्टर घेऊन मी कोल्हापूर ते आजरा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दर आठवड्याला कसा जाणार? तर पिकअप, ती पण फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकं ओढणारी, ती पण जुनी, कारण नवीनचा आकडा पंचवीस लाखाच्या आसपास ऐकून मी शोरूमचा चहासुद्धा अर्धा ठेवून उठलो.

पाच महिने गाड्या बघितल्या. बोलेरो कॅम्परची फोर व्हील ड्राइव्ह मनात होती कारण तिचा मिस्त्री कुठल्याही गावात सापडतो, पण मिळाल्या त्या सगळ्या पिवळ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे परत पासिंग आलं, आणि बहुतेकांनी आयुष्यभर विटा-वाळू ओढलेली. स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉनच्या फोर बाय फोर फार कमी उरल्यात, ज्या आहेत त्यांच्यावर मालकाचा जीव असतो, विकत नाहीत. एक गाडी गोव्यात बघितली, वरनं एकदम चकाचक, किंमत पण चांगली, मी टोकन द्यायला निघालोच होतो. बरोबर आलेल्या मिस्त्रींनी खिशातनं छोटी हातोडी काढली आणि गाडीखाली आडवं होऊन चॅसीवर टकटक करत पुढनं मागं गेले. चांगल्या पत्र्याचा खणखणीत आवाज येतो आणि गंजलेल्याचा बद्द. मागच्या पाट्याच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, हँगरपाशी बद्द आला, अजून जरा मारलं तर खपली पडली हातात. समुद्राकाठची गाडी. वर दुसऱ्या राज्यातली म्हणजे एनओसीचा फॉर्म २८ आणि आपल्याकडचा रोड टॅक्स परत भरायचा, ते धरलं तर स्वस्त पण नव्हती. परत येताना आंबोलीत भजी खाल्ली, तेवढाच त्या ट्रिपचा फायदा.

शेवटी पुण्यात एक इसुझू व्ही-क्रॉस मिळाली. २०१७ ची, अडीच लिटर डिझेल, पाच गिअर मॅन्युअल, पांढरी नंबरप्लेट, मीटरवर ८८ हजार. मालक हौशी. एवढी हौस की गाडीची गाडी राहिली नव्हती, पुढं लोखंडी भलामोठा बंपर, वर लाइटांची पट्टी, मोठे मड टेरेन म्हणजे चिखलाचे टायर, मागं एक पाटा वाढवलेला. त्यानं हे सगळं दोन लाखांचं काम आहे म्हणून वर पैसे मागितले आणि मी मनात म्हटलं की भावा, हे काढायला मलाच पैसे पडणार आहेत.

हे काढायचं का, तर सांगतो. टायर आधी. कंपनीचा साइज २४५/७० आर १६, ह्यानं घातलेले २६५/७५ आर १६. हिशोब केला तर मूळ टायरचा व्यास ७४९ मिलिमीटर येतो आणि ह्याचा ८०४, म्हणजे सात टक्क्यांनी मोठा. मीटरवर ८० दिसतंय तेव्हा गाडी खरी ८६ नं पळतीय. आणि किलोमीटर पण तेवढेच कमी मोजले जातात, हे पुष्कळ लोकांच्या लक्षात येत नाही. मालक म्हणाला टायर घालून तीस हजार किलोमीटर झाले, म्हणजे मीटरवरचे ८८ हजार हे खरे नव्वदच्या वर. फार नाही, पण बोलणी करताना कामाला आलं. ह्या सगळ्यात गाडीची उंची वाढली किती, तर व्यासातल्या फरकाच्या निम्मी, सत्तावीस मिलिमीटर. आणि तेवढ्यासाठी स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता.

फोर बाय फोर चालतं का हे बघायची पद्धत मिस्त्रींनी दाखवली ती लिहून ठेवतो. मातीच्या मोकळ्या जागेत जायचं, फोर एचला (चारी चाकं, नेहमीचा वेग) टाकायची, स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू फिरवायची. पुढची चाकं खरंच जोडली गेली असतील तर गाडी अडखळत फिरते, कुणीतरी धरून ठेवल्यासारखी, कारण ह्या सिस्टिममध्ये मधलं डिफरन्शिअल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा जोड, नसतं आणि वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. म्हणूनच कोरड्या डांबरावर ही चालवायची नाही. काहीच अडखळलं नाही तर डॅशबोर्डवरचा दिवा नुसता दिवा आहे. आमची अडखळली, बरं वाटलं. मग थांबून, न्यूट्रलला घेऊन फोर एल (चारी चाकं, वेग कमी, जोर जास्त). दिवा लुकलुकायला लागला तो लुकलुकतच राहिला, स्थिर होईना. मालकाचा चेहरा पडला. एवढे मोठे टायर घालून ह्यानं फोर एल कधी लावलाच नव्हता वाटतं! त्यावर चाळीस हजार कमी झाले, साडेदहा लाखांत व्यवहार ठरला. कोल्हापुरात आणून बघितलं तर खालच्या एका कनेक्टरमध्ये वाळलेला चिखल आणि हिरवी पूड बसलेली, साफ केला, ग्रीस लावलं, साडेतीनशे रुपये. मालकाला हे कळवलेलं नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे पण त्यात अडकण्यासारखं एकच, गाडीवर पूर्वीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्ज उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० चं पुढं एजंट बघतो. ई-चलन किती पेंडिंग आहेत ते आधी बघा, माझ्या गाडीवर सात निघाली, सगळी स्पीडची. सात टक्के कमी दाखवणारं मीटर, दुसरं काय होणार.

बंपर तर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना असल्या बुल बारवर कारवाई करायला सांगितलंय, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत असले बदल चालणार नाहीत. पण कायदा सोडा, समोर एअरबॅग असलेल्या गाडीला पुढं लोखंडाची भिंत लावली तर धडक बसल्यावर सेन्सरला कळणार काय आणि कधी? आणि वजन, दोघांनी उचलताना घाम फुटला, तेवढं वजन रात्रंदिवस पुढच्या स्प्रिंगांवर. काढल्यावर पुढची बाजू बोटभर वर आली. म्हणजे उंची वाढवायची होती तर ती अशी फुकटात वाढली! मूळ बंपर जुन्या बाजारात शोधायला मात्र तीन आठवडे गेले.

मागचा वाढीव पाटा काढला, बुश नवीन घातले. वाढीव पाट्यानं मोकळी गाडी नुसती उड्या मारायची, चाक जमिनीला टेकलेलं राहायचंच नाही, आणि जे चाक जमिनीला टेकत नाही ते ओढणार काय. टायर कंपनीच्याच साइजचे पण ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारे, घेतले. मड टेरेनला चिखलात पकड जास्त असते हे खरं, पण मला आठवड्याला पावणेदोनशे किलोमीटर डांबर आणि चार किलोमीटर चिखल आहे. ज्याचं उलटं असेल त्यानं उलटं करावं.

आता माझा मूर्खपणा. इंजिनाखाली जांभ्याचे दगड लागतात म्हणून उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं चार मिलिमीटर पत्र्याचं गार्ड करून घेतलं. काम एक नंबर, वेल्डिंग बघत राहावं असं. आणि त्यात ऑइल सोडायला भोक ठेवायचं ना मला सुचलं ना त्याला, चिखल-पाणी निघून जायला फटी पण नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात आत घमेलंभर चिखल साठला आणि ऑइल बदलायला आठ बोल्ट खोलायला लागले, त्यातले दोन गंजून बसलेले. परत गेलो तर तो म्हणाला, दादा तुम्ही मापं दिली तशी मी कापली. खरं होतं.

त्याउलट सगळ्यात स्वस्त काम सगळ्यात उपयोगी निघालं, एक्सलवरच्या डिफरन्शिअलच्या ब्रेदरला, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायच्या भोकाला, लांब पाइप जोडून तो वर नेला. डिफरन्शिअल चालून चालून गरम झालेलं असतं, ओढ्याच्या गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि जिथनं मिळेल तिथनं आत ओढते, ब्रेदर पाण्याखाली असेल तर पाणीच ओढते. मग ऑइलचा दुधाळ चहा होतो. गाडी घेताना पण हे ऑइल बोटावर घेऊन बघावं. पाइप, क्लिपा धरून चारशे रुपये.

एवढं सगळं करून पहिल्या जुलैत मी रुबाबात बागेकडं निघालो. आबा शेजारी. ओढा पार, फोर एल टाकलं, चढण सुरू, आणि अर्ध्यात मागची बाजू हळूच, अगदी हळूच, डावीकडं सरकायला लागली आणि बांधाच्या चरीत जाऊन बसली. एक पुढचं आणि एक मागचं चाक नुसतं गरगर. गाडी अशी तिरकी अडकली की फोर बाय फोरचं काही चालत नाही, साधं डिफरन्शिअल मोकळं चाकच फिरवत बसतं, टेकलेल्या चाकाला जोर मिळत नाही. शेजाऱ्याचा तोच ट्रॅक्टर बोलवावा लागला. तो काही बोलला नाही, पण हसू दाबताना त्याची मिशी हलत होती. आबा एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर चांगला हाय."

चुका दोन होत्या. टायरमध्ये रोडचीच ३३ हवा, आणि मागं हौदा रिकामा. पिकअपचं सगळं वजन पुढं असतं, मागं नुसता पत्रा. आता मी फाट्यावर हवा २४ वर आणतो, टायर पसरतो आणि धरतो. वाळूत माणसं अजून खाली जातात, पण जांभ्याच्या धारेनं टायरची बाजू कापायची भीती म्हणून मी नाही जात. परत येताना छोट्या कॉम्प्रेसरनं भरतो, टायरमागं चारेक मिनिटं, तेवढ्यात एक चहा. आणि हौद्यात वाळूची तीस-तीस किलोची चार पोती, मागच्या एक्सलच्या जरा पुढं, दोरीनं घट्ट बांधून. अगदी मागच्या फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही, हे पण करून बघितलंय. बाकी सीटमागं एक दोर, दोन डी-शॅकल, खोरं आणि फणसाच्या दोन फळ्या, जॅक चिखलात रुतू नये म्हणून. दोर चॅसीच्या हुकालाच लावायचा, बंपरला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नाही, टो बॉल तुटून गोळीसारखा येतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच चढणीवर सेकंड गिअरला न थांबता वर गेलो. वर पोचल्यावर आबा खाली उतरले, मागं जाऊन हौद्यात वाकून बघितलं.

"ही वाळू कशाला फिरवतोस?"

"आबा, वजनाला. मागची चाकं धरतात."

"मग शेणखत भर की. वर नेऊन टाकायचंच हाय."

मला हे दीड वर्षात सुचलं नव्हतं. तेव्हापासनं जाताना चार पोती शेणखत आणि येताना जळणाची लाकडं, आणि बायको ह्या गाडीतनं लग्नाला यायला तयार नाही.