आमची वाटचाल आणि ऑइलची वही

१९९९ साली कराडजवळ हायवेच्या कडेला आम्ही गॅरेज टाकलं. पत्र्याची शेड, एक खड्डा आणि थोडे उसने आणलेले पाने. तेव्हा इंजिनात मिनरल, म्हणजे साधं खनिज ऑइल असायचं आणि पाच हजार किलोमीटर झाले की बदलायचं, हे गिऱ्हाइकालाही पाठ होतं. पुढे जास्त टिकणारं सिंथेटिक ऑइल आलं आणि बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं छापून यायला लागलं. लोकांच्या डोक्यात दहा हजार तेवढे राहिले. वर्षाचं आमच्याही ध्यानात राहिलं नाही.

ती चूक एका डॉक्टरांच्या पेट्रोल गाडीवर निघाली. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दोन वर्षांत जेमतेम सहा हजार रनिंग. मधे गाडी किरकोळ कामाला आली, तेव्हा त्यांनी ऑइलचं विचारलंही होतं. मीच म्हणालो, "राहू द्या डॉक्टरसाहेब, अजून चालेल." काही महिन्यांनी ऑइलचा लाल दिवा लागला. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण काढलं तर आत काकवीसारखा थर. खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, ऑइल पंपाची जाळी बुजलेली, बेअरिंगं गेलेली. तीन किलोमीटरात इंजिन पुरतं तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो, त्याला उडून जायला उष्णता मिळत नाही. मजुरी मी घेतली नाही, सामानाचा निम्मा खर्चही आम्हीच सोसला.

त्याच आठवड्यात वही घातली. गाडी नंबर, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, आणि शेवटचा रकाना : गाडी कशी चालते? रोज पुण्याला पळणाऱ्या गाडीला पुस्तकातले पूर्ण दहा हजार आम्ही बिनधास्त देतो. गावातल्या गावात फिरणारीला पाच हजार किंवा सहा महिने. उसाच्या फडावर धुळीत जाणारी, इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभी राहणारी गाडी, तिलाही लवकरच बोलावतो, कारण उभ्या इंजिनाची झीज किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही.

डिझेलवाल्यांना एक आवर्जून सांगतो. नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीत डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वाढलेलं दिसलं, तर लगेच फोन करा. छोट्या फेऱ्यांमुळे धुराचा फिल्टर साफ होण्याचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं.

आता दोन लिफ्ट आहेत, पाच पोरं कामाला आहेत, वही सातवी चालू आहे. डॉक्टरांची गाडी अजून आमच्याकडेच येते. तिच्या शेवटच्या रकान्यात लिहिलंय : तीन किलोमीटर, सहा महिने.