‘बढिया’ म्हणून आलो

तान्हा पोळा, रात्री साडेअकरा

शनिवारपासून एक शब्द डोक्यातून जात नाही. बढिया.

मनोविकाराच्या डॉक्टरांनी फाइल उघडली, मागचं पान बघितलं आणि विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "बढिया." झोप? ठीक. भूक? ठीक. गोळीचा काही त्रास? नाही, विशेष नाही. गोळी तीच ठेवली, महिन्याने या म्हणाले. सात-आठ मिनिटांत मी धंतोलीच्या रस्त्यावर होतो. काँग्रेसनगरच्या मेट्रो स्टेशनात वर जाताना कळलं, की अर्धी रजा टाकून, दीड तास बाकावर बसून, मी आत जाऊन खोटं बोलून आलो.

खोटं नाही तर काय? पहिले आठ-दहा दिवस सकाळच्या चहाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. पहाटे साडेतीनला डोळे उघडतात, ते रोजच. दुसऱ्या आठवड्यात छातीतली धडधड आधीपेक्षा वाढली, म्हणून मी गोळी बंद करून टाकली. चार दिवस. कोणाला न विचारता. चौथ्या दिवशी डोक्यात अशा झिणझिण्या आल्या की घाबरून पुन्हा सुरू केली. यातलं एकही वाक्य त्या खोलीत उच्चारलं नाही. म्हणजे तीच गोळी चालू ठेवायचं त्यांनी ठरवलं, ते माझ्या एका शब्दावर.

आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं नीट सांगितलं होतं. आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. मळमळ, बेचैनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत होऊ शकते, बहुतेकांची हळूहळू कमी होते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा-आठही लागतात. मनाने बंद करू नका. थायरॉइड आणि बी-बारा तपासून घेतलं, दोन्ही नॉर्मल. मी मान हलवत होतो आणि शब्द कानांवरून वाहून जात होते. ज्याचं डोकं थाऱ्यावर नाही, त्याच्या लक्षात किती राहणार? हिला आत घेऊन गेलो असतो तर तिने तरी ऐकलं असतं. मीच तिला बाहेर बसवलं.

गोळीचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. हे तेव्हा डोक्यात शिरलं असतं तर ते चार दिवस गेले नसते. मला वाटलं, बिघडतच चाललोय.

पण बढिया का म्हटलं?

आपल्या नागपुरात कोणी कसं काय विचारलं की तोंडातून दुसरं काही निघतच नाही, हे एक. चौकात भेटो की मयतीत, बढिया. पण तेवढंच असतं तर दुसऱ्या प्रश्नाला तरी खरं बोललो असतो. बाहेर लोक ताटकळत होते, एक बाई मांडीवर झोपलेलं पोर घेऊन बसल्या होत्या, त्यांचा वेळ कशाला खावा असं वाटलं. आणि खोलवर आणखी एक होतं, ते लिहायला जड जातंय. डॉक्टरांना वाईट वाटेल असं वाटलं. माणसाने एवढ्या आपुलकीने गोळी लिहून दिली आणि मी तिला बट्टा लावायचा? पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा शाबासकी घ्यायला बसलेला.

बाबाही असंच म्हणायचे. शेवटपर्यंत. जाऊ दे.

पहिल्या भेटीत मी खोटं बोललो नव्हतो. तेव्हा हातात कागद दिला होता, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांतलं आठवून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. सत्तावीसपैकी माझे सोळा झाले. कोणी तोंडाकडे बघत नव्हतं, म्हणून खरं लिहिलं. नवव्या, जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नावर डॉक्टर थांबले, सावकाश विचारलं, तेही सांगितलं. बोलायची वेळ आली की जीभ वळत नाही, कागदावर हात चालतो. एवढं स्वतःबद्दल कळलं, हेही कमी नाही.

काल दिवसभर मात्र स्वतःची फार कीव येत होती. पाय मोडला असता तर घरी रीघ लागली असती, टेबलावर सफरचंदं असती. ऑफिसात मी डोळ्यांच्या तपासणीला गेलो म्हणून सांगितलंय. लहानपणी पागलखाना चौकाचं नाव आलं की आम्ही पोरं एकमेकांना चिमटे काढायचो, "तुझा स्टॉप आला बे!" मीही म्हणायचो. तिथलं मनोरुग्णालय 1864 पासूनचं आहे. तेव्हापासून कितीजण त्या फाटकातून आत गेले, बरे होऊन घरी आले, आणि बाहेर आम्ही चिमटे काढत होतो.

शनिवारी रात्री, म्हणजे रविवारच्या पहाटे साडेतीनला, गच्चीत जाऊन 14416 लावला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, पाठ करून ठेवला होता. पलीकडून कोणी ताई मराठीतच बोलल्या. जे डॉक्टरांना सांगितलं नाही ते सगळं त्यांना सांगितलं, चार दिवसांसकट. त्या म्हणाल्या, हेच, याच शब्दांत त्यांना सांगा, महिना थांबू नका. आज सकाळी क्लिनिकला फोन केला. कोणी रागावलं नाही. उद्या संध्याकाळी या म्हणाले.

समुपदेशक मॅडमचंही थोडं कळतंय आता. दोन बैठकी झाल्या, दोन्हींत त्या फक्त विचारत होत्या, आणि मी मनात चिडत होतो की उपाय कधी सांगणार. पंचेचाळीस वर्षं त्या दीड-दोन तासांत कुठून वाचणार? आधी काय बदलायला हवं, हा प्रश्न त्यांनीच विचारला होता. मी म्हटलं, पहाटेचे साडेतीन. तेवढं एक खरं बोललो होतो.

आज दुपारी आईला घेऊन इतवारीत मामांकडे गेलो. गॅलरीतून मारबत, म्हणजे ईडापीडेच्या पुतळ्याची मिरवणूक, बघायची ही आमची जुनी रीत. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत आली, खाली पाय ठेवायला जागा नाही, नुसते ढोल. आईने कठडा धरला आणि सगळ्यांसोबत ओरडली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि मग ओरडली. तिला कोणी काही सांगितलेलं नाही. घरी येताना ऑटोत एवढंच म्हणाली, "काऊन रे, झोपून नाही राहिला का आजकाल?" मी बढिया म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही झोपत, आई," म्हटलं. तिने माझा हात मांडीवर घेतला, घर येईपर्यंत सोडला नाही.

काळी मारबत 1881 पासून निघते म्हणतात. एवढी वर्षं ईडापीडा नेतात, जाळतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी मारबत बांधायला बसतात. मला तीन आठवड्यांत सगळं जळून जायला हवं होतं.

रात्री जेवणानंतर कागद घेऊन बसलो. एक, चार दिवस गोळी बंद केली होती. दोन, मळमळ, आता कमी. तीन, पहाटे साडेतीन. चार, सकाळी उठल्यावर जबडा ठणकतो, का ते कळत नाही. कागद हिच्यासमोर ठेवला. चार दिवसांचं तिला पहिल्यांदाच कळलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या मी आत येऊन राहिली. बाहेर नाही बसणार." तिने माझ्या हातातला पेन घेतला आणि खाली पाचवं लिहिलं:

झोपेत दात खातात. गोळी सुरू झाल्यापासून.