आईबाप असलेली अनाथ मुलं

काठमांडूत मी अनाथ मुलांना शिकवते, असं कोल्हापुरात आमच्या गल्लीभर झालंय. तसं नाही. इथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, निदान एक तरी हयात आहे. फसवून आणलेल्या अशा मुलांची घरं शोधणाऱ्या एका संस्थेत मी फायली लावते. मुलांशी बोलायचं काम इथल्याच प्रशिक्षित ताई-दादांचं, आणि ते तसंच असायला हवं.

1996 ते 2006 या माओवादी युद्धाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत आईबापांना धास्ती होती, पोरं बंडखोर उचलून नेतील. दलाल म्हणाले, शहरात चांगल्या शाळेत घालतो. पैसेही आईबापांकडूनच घेतले. मग मुलांची नावं बदलली, आईबाप मेल्याचे खोटे कागद केले आणि परदेशी देणग्या सुरू झाल्या. युद्ध संपलं, धंदा थांबला नाही.

आत्ती फोनवर म्हणाली, "पोटचं लेकरू असं देतंय व्हय कोण?" मला ते फार लागलं. 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हा खेड्यातल्या बापांनी पोरं विश्वासानं कोल्हापुरात ठेवलीच की. ती सुट्टीला घरी येत होती. हुमल्याच्या आईला पोराचा पत्ताच दिला नव्हता.

एका फायलीत गावाचं नाव नव्हतं, आडनाव खोटं, जन्मसाल विक्रम संवतातलं आणि तेही अंदाजे. मुलाला आठवत होतं ते इतकंच: घराखाली बकऱ्या, छपरावर वाळत घातलेले अक्रोड आणि विमानतळापर्यंतची लांब पायपीट. हुमल्यात विमान उतरतं ते सिमीकोटला. तिथून एक दादा फोटो घेऊन गावोगाव चालला. आई सापडली. तिनं फोटोवर बोट ठेवून हनुवटीवरची खूण दाखवली. चुलीपाशी पडला होता म्हणे. तिचा व्हिडिओ आला, पण मुलाला तिची बोली समजेना. शेजारी बसून दुसऱ्यानं सांगावं लागलं.

तरी लगेच घरी पोचवत नाहीत. आधी फोन, मग दशैंला म्हणजे आपल्या दसऱ्याला भेट, जवळच्या शाळेची सोय, आणि नंतरही वर्षभर चौकशी. शाळेची अडचण तशीच राहिली तर दलाल पुन्हा दारात येतो.

म्हणून सांगते, पंधरा दिवस मुलांशी खेळायला इकडं येऊ नका. लळा लावून माणसं निघून जातात, आणि त्यांच्या पैशावर नवी मुलं आणली जातात. बालगृहाला देणगी द्यायची असेल तर आधी विचारा: यांचे आईबाप कुठं आहेत, शेवटची भेट कधी झाली? धड उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका.