ग्राफाइट ऑक्साइड तापवताना नायट्रोजन नेमका कधी बसतो?

ग्राफाइट ऑक्साइड (ऑक्सिजनचे गट जोडलेलं ग्राफाइट) भट्टीत घातलं की ऑक्सिजन जातो आणि ग्राफीन, म्हणजे कार्बनचे सुटे पातळ थर, उरतं, एवढ्या समजुतीवर पुण्यातल्या प्रयोगशाळांत अनेक प्रोजेक्ट सुरू होतात. नायट्रोजनयुक्त कार्बन हवा असेल तर ही समजूत अपुरी पडते. हा नायट्रोजन अमोनिया वायूतून येतो, आणि ऑक्सिजनचे गट सुटत असतात तेव्हाच अमोनिया शेजारी हवा. आधी आर्गॉन या निष्क्रिय वायूत १००० अंशांवर सगळं साफ करायचं आणि मग अमोनिया सोडायचा, असं केलं तर नायट्रोजन फारच कमी बसतो, कारण अमोनिया ज्या कार्बोक्सिल, कार्बोनिल गटांना धरतो तेच उरलेले नसतात.

ऑक्साइड बनवण्याची पद्धत बहुतेक सगळीकडे हमर्स आणि ऑफमन यांची, १९५८ची: ग्राफाइट, सल्फ्युरिक अॅसिड, सोडियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट. परमँगनेट चिमूट-चिमूट घाला आणि तापमान २० अंशांखालीच ठेवा. या मिश्रणात तयार होणारं हिरवट मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या पुढे स्फोटक असतं. इथे घाई अजिबात नको.

पुढे जे बिघडतं त्यातलं बरंचसं धुण्यात बिघडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग पिवळा झाला म्हणजे मँगनीज विरघळण्याजोगं झालं, निघून गेलं असं नव्हे. आधी पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडने धुवा, मगच पाण्याने. धुवणात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येत असेल तर सल्फेट अजून आहे. शेवटी-शेवटी अॅसिड कमी झालं की ऑक्साइड फुगून जेलसारखं होतं आणि गाळण कागदातून पाणी उतरतच नाही; तिथे सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र) किंवा डायलिसिसची पिशवी (फक्त क्षार बाहेर सोडणारं पातळ पटल) लागते. पाणी डिस्टिल्डच घ्या. आपल्याकडे बेसाल्टातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थरांमध्ये अडकतं आणि पुन्हा सुटत नाही.

परमँगनेटमधून राहिलेलं पोटॅशियम सर्वांत धोक्याचं. त्या क्षारांमुळे सुकं ऑक्साइड एकदा पेटलं की भराभर जळत जातं. म्हणून वाळवताना ६० अंशांच्या पुढे जाऊ नका आणि सुक्या पावडरीचा जाड थर किंवा मोठा साठा करू नका. विघटनात उष्णता सुटते. ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडली नाही तर सगळा ढीग एकदम उडतो. पावसाळ्यात वाळलेली पावडरही हवेतला ओलावा ओढते, तेव्हा वजन करण्याआधी ती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवलेली बरी.

आता भट्टी, म्हणजे नमुना आत ठेवायच्या लांब नळीभोवतीची भट्टी. ग्राफाइटच्या थरांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम, ऑक्साइडमध्ये ते ७ ते ८ होतं. साधारण २०० अंशांना गट तुटून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ सुटते. मिनिटाला एक-दोन अंशांनी तापवलं तर हा वायू कडेकडेने निसटतो आणि थर पुन्हा एकमेकांवर बसतात. थर पूर्ण फुगवून सुटे करण्यासाठी वायू निसटण्यापेक्षा लवकर तयार व्हावा लागतो, आणि त्याला सुमारे ५५० अंशांच्या वरची भट्टी लागते. नमुन्याची 'बोट' (होडीच्या आकाराची छोटी वाटी) थेट तापलेल्या भागात ढकला. भट्टी रुळांवर असेल तर तीच नळीवर सरकवा. पावडर लाह्यांसारखी फुटते.

एका वेळी ०.२ ते ०.३ ग्रॅम पुरे. तेवढ्यातूनही क्षणात शे-दीडशे मिली वायू सुटतो, वर तो गरम. म्हणून बाहेर जायचा मार्ग रुंद हवा आणि टोकांना क्वार्ट्झ वूल (काचेच्या कापसासारखे क्वार्ट्झचे धागे) सैल हवं. दाबून भरलेल्या वूलमुळे नळीचं टोपण उडतं. ५ सेंमी व्यासाच्या, मीटरभर नळीत दोन लिटर हवा असते. मिनिटाला २०० मिली आर्गॉन सोडला तर पाच वेळा हवा बदलायला ५० मिनिटं लागतात. ती द्यायलाच हवीत, कारण हवा राहिली तर नमुना जळतो आणि अमोनियाशी तिचं मिश्रण स्फोटकही होऊ शकतं.

अमोनियासाठी पितळेच्या जोडण्या नकोत, स्टेनलेस स्टीलच्या घ्या. बाहेरचा वायू पातळ अॅसिडच्या बबलरमधून (वायू बुडबुड्यांनी जातो ती बाटली) सोडा आणि मध्ये एक रिकामी बाटली ठेवा. अमोनिया अॅसिडात इतक्या चटकन विरघळतो की अॅसिड उलटं नळीत खेचलं जातं. सर्वाधिक नायट्रोजन ५०० अंशांच्या आसपास बसतो, साधारण ५ टक्के. वर गेलं की प्रमाण घटतं आणि अमोनिया कार्बनलाच खायला लागतो. म्हणजे जोरदार फुगवणं आणि भरपूर नायट्रोजन यांची तापमानं नेमकी जुळत नाहीत. सुपरकपॅसिटरसाठी (वीज झटपट साठवणारं-सोडणारं साधन) आमची पसंती थोडा नायट्रोजन कमी पत्करून ६०० ते ७०० अंशांना.

अमोनियाचा सिलिंडर नको म्हणून मेलामाइन ही नायट्रोजनयुक्त पावडर मिसळणाऱ्यांसाठी एक इशारा. ५०० ते ५५० अंशांना मेलामाइनपासून कार्बन नायट्राइड तयार होतं आणि नमुन्यातच राहतं. मूलद्रव्य विश्लेषणात नायट्रोजनचा आकडा मोठा दिसतो, पण तो नायट्रोजन ग्राफीनच्या जाळीत नसतो. ७०० अंशांच्या वर नेल्यावर कार्बन नायट्राइड विघटित होतं. त्यानंतरचा आकडा खरा. एक्सपीएसमध्येही (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची तपासणी) ३९८.५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचं शिखर बघून लगेच पिरिडिनिक, म्हणजे जाळीच्या कडेला बसलेला नायट्रोजन, म्हणू नका, कार्बन नायट्राइडचं शिखर तिथेच येतं.

सल्फ्युरिक अॅसिडातून आलेल्या गंधकाचंही असंच. एक्सपीएसमध्ये १६८ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचं शिखर न धुतलेल्या सल्फेटचं असतं, जाळीतल्या गंधकाचं १६४ जवळ. आणि उत्प्रेरक 'धातूविरहित' म्हणून मांडणार असाल तर आधी मँगनीज मोजून घ्या, भट्टीत ते उडून जात नाही. भट्टी बंद केल्यावर आर्गॉन चालूच ठेवा आणि नळी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर फुगलेली पावडर हवेत धुमसते.