पालथं घातल्याशिवाय पैसे देऊ नका : खानापूर-निपाणीकडच्या जुन्या फर्निचरची तीन दिवसांची फेरी

ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. निपाणीला बिनधास्त जावा. खानापूरच्या पश्चिमेला एजंटबरोबर जाऊ नका. आणि कपाट असू दे नाहीतर खुर्ची, पाय वर करून तळवे बघितल्याशिवाय पर्सला हात लावू नका. मी लावला. ३८,००० गेले.

आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतले, घर नवीन बांधलंय, हॉलमध्ये एक जुनं शिसवी कपाट पाहिजे असं डोक्यात बसलेलं. मी आणि माझा धाकटा भाऊ, शुक्रवार ते रविवार. शुक्रवारी बेळगावातच गल्ल्या फिरलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, भाव ऐकून परत आलो. शनिवारी एका एजंटचा फोन. "मॅडम, वाड्यातलं कपाट आहे, दीडशे वर्षांचं, शंभर टक्के शिसवी, बेल्जियम काच, घरवाले आजच विकणार, उद्या गोव्याची पार्टी येणार." गोव्याची पार्टी म्हटलं की समजून जायचं असतं, पण मला त्या दिवशी काय झालं होतं काय की.

जांबोटी ओलांडून पुढं डावीकडं आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गावाची काही चूक नाही. शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे रस्ता नव्हेच, लाल चिखल आणि मधे दगड वर आलेले, गाडी खाली घासत होती, भाऊ उतरून पुढं चालत दगड दाखवत होता आणि मी फर्स्ट गिअरवर. एजंट म्हणाला होता "डायरेक्ट दारापर्यंत डांबरी". शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी लावून चालत गेलो. पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेलेले आणि आत लाइट नाही. ही वेळ त्यानं बरोबर काढली होती हे आत्ता कळतंय. जुना माल बघायला सकाळी दहाला जावा, दुपारी तीनच्या पुढं कुणी बोलवलं तर उद्या येतो म्हणून सांगा, मग दहा पार्ट्या येऊ देत.

वाडा मात्र खरा होता. आणि कपाट दिसायला, काय सांगू, माझं भानच गेलं. सहा फूट उंच, वर कमळाची नक्षी, मधे आरसा, कातीव पाय, काळंभोर चमकणारं. आरशात चेहरा जरा हलल्यासारखा दिसत होता, ते बघून मला वाटलं हे जुनंच. काच जुनी होती हे खरंच आहे, फ्लोट काच, म्हणजे हल्लीची एकदम सपाट काच, १९५९ च्या पुढची, त्याच्या आधीच्या बऱ्याच काचेत अशी बारीक लाट दिसते. पण काच जुनी म्हणून कपाट जुनं असं होत नाही, हे तिथं सुचायला पाहिजे होतं.

घरात एक आजी होत्या. त्यांनी मला सरळ सांगितलं, "हे पाण्यात हुतं गे, पुराच्या साली." म्हणजे २०१९. एजंट लगेच मधे बोलला, "आजीला दुसरं कपाट आठवतंय." आणि मी हसले. मी हसले हो! त्या दिवशी एकच माणूस खरं बोललं आणि मी त्यांना चहा छान झालाय म्हणून सांगितलं.

तिथं मी काय काय बघितलं तेही सांगते, म्हणजे अगदीच खुळी नव्हते असं वाटेल. मागची फळी प्लायची होती, ते बघून भाव पाडला. बिजागरीचे स्क्रू फुलीचे होते. फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकातला, त्यामुळं दीडशे वर्षांच्या कपाटाला तो मुळातला असूच शकत नाही, पण नंतर बदललेला असू शकतो, म्हणून बाजूला जुनं बुजवलेलं भोक आहे काय ते बघायचं. भोक होतं, मी खूश. ड्रॉवर काढून कोपरे बघितले, डोव्हटेल, म्हणजे फळ्यांचे एकमेकांत अडकणारे दात, हातानं कापलेले, एक दात जाड एक बारीक, मशीनचे सगळे सारखे येतात. ड्रॉवरच्या तळाला खालून बोटं फिरवली तर रंध्याच्या लाटा लागत होत्या. हे सगळं बरोबर. एजंट मधेच "बर्मा टीक आहे ही, बर्मा" म्हणायला लागला, मघाशी शिसवी होतं की वो! तसंही बर्मा टीक म्हटल्यावर माझं डोकं फिरतं, १९३७ पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता त्यामुळं तिकडचं लाकूड इकडं आलंच नाही असं नाही, पण खानापूर-दांडेलीच्या जंगलात सागवान उभा असताना या गावातल्या माणसानं ते समुद्रापलीकडून कशाला आणलं असेल?

पाय मात्र बघितले नाहीत. शेणानं सारवलेली ओली जमीन, अंधार, आणि कपाट आडवं करायला चार माणसं लागणार. एजंट म्हणाला "नक्षी दुखावेल". मी म्हटलं बरं.

६०,००० वरून ३८,००० ला तुटलं आणि मला वाटलं मी जिंकले.

आता टेम्पो. फोनवर २,५०० ठरलेलं, त्यानंच आणलेला छोटा हत्ती. कपाट दोर लावून वर चढवल्यावर ड्रायव्हर म्हणतो ४,०००, रस्ता खराब आहे अक्का. रस्ता सकाळी चांगला होता काय? वर हमाली १,५००, चार माणसांची, त्यातले दोघं नुसते उभे. आणि पोचल्यावर उतरवायचे वेगळे ५००. ३,५०० जास्तीचे गेले, आणि माल त्यांच्या गाडीत चढलेला असताना कुणाशी भांडणार, रात्र झालेली, मोबाईलला रेंज नाही. त्यामुळं टेम्पो बेळगावातून आपला घेऊन जावा, रिकामा परत आला तरी चालेल, रिकाम्या फेरीचे पैसे ३,५०० पेक्षा कमीच होतात. सोबत काथ्याचा दोर आणि दोन जुन्या वाकळा टाका. आम्हाला काहीच नव्हतं, एका बाजूची नक्षी पत्र्याला घासून गेली.

रविवारी निपाणी. रस्ता चांगला, माणूस चांगला, तंबाखूच्या पेढीतलं मुनीमाचं उतरतं डेस्क ४,५०० ला घेतलं, एक पाय डुगडुगतो ते त्यानं आधीच दाखवलं. बास, संपलं.

बुधवारी सकाळी कपाटाखाली पिवळट पीठ पडलेलं दिसलं. मैद्यासारखं बारीक. शहापूरचे एक सुतारमामा आमच्या घरचं काम करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी आरशाकडं बघितलंसुद्धा नाही. आल्या आल्या म्हणाले, "आडवं घाल." आडवं घातलं. चारी तळव्यांवर एकदा हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काय केलीस पोरी हे."

मग त्यांनी दाखवलं ते नीट वाचा, यासाठीच एवढं लिहिलंय. शंभर वर्षं जमिनीवर उभ्या असलेल्या पायाचा तळवा कधी स्वच्छ नसतो, काळा पडलेला असतो, कडा झिजून गोल झालेल्या, तंतू पिंजलेले, त्यात माती घट्ट बसलेली. आमच्या कपाटाचे चारी तळवे सपाट, कडा धारदार, एकावर तर करवतीचे ओरखडे. पायाला खाली जो कंगोरा असतो, कातलेलं कडं, बरोबर त्याच्या खाचेत सांधा. खालचे पाच इंच नवीन. पाण्यात पाय कुजले, कुणीतरी कुजका भाग कापला, मधे खुंटी घालून नवीन तुकडा बसवला आणि काळा मारला. मामांनी स्पिरिटचा बोळा चोळला तर बोळा काळा झाला आणि खालून फिकट लाकूड आलं. आंब्याचं. आंब्याला किडा हमखास लागतो, सागवानाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, सालीकडच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. बोळा आणखी वर चोळला, कपाटाच्या अंगाला. तिथं सागवान निघालं. चाकूनं आतून थोडं खरवडलं तर चामड्यासारखा वास, सागवानाचा तोच वास. आतल्या फळ्या फणसाच्या. शिसवी म्हणून काहीच नाही, सगळी शेड. शिसव हातात जड लागतं आणि काळपट-जांभळ्या रेषा लाकडातच असतात, पुसून जात नाहीत.

मामांचं एक म्हणणं मला फार पटलं. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेचा माल कुजतो आणि पूर्वेचा तडकतो. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस वेड्यासारखा, पाय ओल ओढून घेतात, म्हणून तिकडं बघायचं ते खालचं एक वीत. सौंदत्ती-बैलहोंगलकडं कोरडं, तिकडं फळ्यांना रेषेतून चिरा जातात. चीर दिसली म्हणून घाबरू नका, लाकूड आडवं आकसतं, त्यामुळं जुनं गोल टेबलसुद्धा टेपनं मोजलं तर एका बाजूनं जरासं कमी भरतं. उलट अगदी बरोबर गोल भरलं तर मी विचार करेन.

काय तुटलेलं चालतं? वेत फाटलेला चालतो, विणून मिळतो. पॉलिश उडालेलं तर उत्तमच, लाकूड दिसतं. बिजागरी, कडी, ड्रॉवरचा तळ, सगळं होतं. कुसू, म्हणजे सांध्यात शिरणारी जीभ, तुटून सांधा हलत असला तरी सुतार करतो. पाय बदललेले असले तरी घेता येतं हो, पण निम्म्या भावात आणि सांगून. नको ते म्हणजे पीळ पडलेली दारं, चालू किडा आणि ताज्या पॉलिशचा वास. वास आला की चप्पल घाला आणि निघा.

बॅगेत दाभण ठेवा. पायाच्या खालच्या भागात टोचून बघा, चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं, कुजक्यात केकमध्ये गेल्यासारखं जातं. चुंबक ठेवा, पितळेची म्हणून सांगितलेली कडी चिकटली तर आत लोखंड आहे. मोबाईलच्या लाइटवर राहू नका, वेगळा टॉर्च घ्या आणि तो समोरून नाही, बाजूनं मारा, भोकं बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, लगेच दिसते. स्पिरिट आणि कापूस तर पाहिजेच, मालक स्पिरिट लावू देत नसेल तर उत्तर मिळालं समजा. किड्याची भोकं आतून काळी असतील तर जुनी, फिकट आणि स्वच्छ असतील तर चालू. आणि अँटिक शब्दाला भुलू नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, एजंटच्या तोंडात दहा वर्षांपूर्वीचं टेबलही अँटिक असतं. घरमालकाच्या सहीची पावती घ्या, एजंटच्या नको. माझ्याकडं पावतीच नाही. एजंटचा फोन लागतो, उचलत नाही.

मामांनी आंब्याचे चारी तुकडे काढून जुन्या सागवानाचे बसवले, किड्याचं औषध आतून बाहेरून दोनदा मारलं, सगळे मिळून ९,००० झाले. कपाट अजून हॉलमध्ये आलेलं नाही, मागच्या व्हरांड्यात विटांवर आहे. मामांनी आधी ठोकून आतला सगळा जुना भुसा पाडायला सांगितला, नाहीतर तोच पडत राहतो आणि आपण उगाच घाबरतो, आणि मग खाली काळा कागद अंथरायला. रोज सकाळी उठून चहाच्या आधी मी कागद बघते. सोमवारपासून सहा दिवस कोरा होता. आज डाव्या मागच्या पायाखाली चिमूटभर आहे.