हलवा पापलेटाच्या कुळातला नाही

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये हलवा ठेवला, की बरीच मुले वहीत पापलेटाचे कुळ लिहून मोकळी होतात. चूक समजण्यासारखी आहे. दोघांचे अंग चपटे आणि उंच, दोघांच्याही पोटाखाली श्रोणिपर (पर म्हणजे माशाचे पंख; हे पोटाकडचे जोडीचे) नाहीत, आणि बाजारात हलव्याला काळे पापलेटही म्हणतात. पण हलव्याच्या शेपटीच्या देठावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून पाहा. तिथे पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने लांबवर जाणाऱ्या रेषेवरचे) खवले जाड, टोकदार झालेले असतात आणि ते बोटाला लागतात. पापलेटाचा देठ गुळगुळीत असतो. आता कल्ल्यांचे झाकण पाहा. पापलेटाच्या कल्ल्याची फट आखूड आणि उभी असते, हलव्याची मोठी, इतर माशांसारखी. म्हणून पापलेट स्ट्रोमॅटिडी कुळात जातो आणि हलवा कॅरॅन्जिडी कुळात. श्रोणिपरांचे म्हणाल, तर साधारण १० सेंमीपेक्षा लहान हलव्याला ते असतात आणि वाढीत नाहीसे होतात. त्यामुळे लहान हलवा हाती आला आणि ओळखतालिका मोठ्या माशांवरून केलेली असली, तर पहिल्याच पायरीला घोटाळा होतो.

मासे ओळखायला शिकताना पहिला महिना तरी बरणीतल्या नमुन्यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. फॉर्मॅलिनमध्ये रंग जातो, पर आखडतात, तोंड उघडत नाही. गोव्यात ताजी मासळी हाकेच्या अंतरावर आहे. अडचण एवढीच, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि कॉलेजचे वर्ष नेमके त्याच सुमारास सुरू होते. तेव्हा सुरुवात खाजनातल्या (बांध घातलेल्या खाऱ्या सखल जमिनीतल्या) आणि नदीच्या माशांपासून करावी: शेवटो, काळुंदर, चोणक, मानशीवर (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) मिळणारी बारीक मासळी. ऑगस्टनंतर मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर जावे. मासळी विकत घेताना नुस्तेकान्नीला (मासे विकणारीला) आधीच सांगा, की पोट काढू नका, खवले काढू नका, कल्ले तसेच राहू द्या. कल्ले गेले की बांगड्याचे मोठे लक्षणच गेले. त्याच्या कल्ल्यांच्या कमानीवरचे दाते इतके लांब असतात, की तोंड उघडले तरी आतून दिसतात.

सर्वात जास्त वेळ परांच्या मोजणीला द्यावा. काटा आणि मऊ किरण यांतला फरक टोचण्यावरून ठरवू नका. काटा एकसंध असतो. मऊ किरण दोन अर्ध्यांचा बनलेला आणि बारीक सांधे असलेला असतो, शेंड्याला बहुधा फाटलेला. पर ताणून मागून उजेड सोडला आणि भिंगातून पाहिले की सांधे दिसतात. पृष्ठपर (पाठीवरचा) आणि गुदपर (गुदद्वारामागचा) यांच्या शेवटी दोन किरण एकाच बुडातून निघालेले दिसले तर ते एकच धरायचे. नोंदीत काटे रोमन अंकांत आणि मऊ किरण साध्या अंकांत लिहितात.

ही मोजणी किती उपयोगी पडते, ते काळुंदर आणि तिलापिया शेजारी ठेवले की कळते. दोन्ही सिक्लिडी कुळातले: नाकपुडी प्रत्येक बाजूला एकच, पार्श्वरेषा मध्येच तुटलेली. पण काळुंदरच्या गुदपरात १२-१३ काटे, तर आपल्याकडच्या मोझांबिक तिलापियाच्या फक्त ३. रंग, पट्टे, आकार काहीही असो, हा आकडा फसवत नाही.

इसवणाचेही तसेच. ठिपक्यांचा आणि पट्ट्यांचा असे दोन प्रकार सगळ्यांना माहीत असतात, पण बर्फात राहिल्यावर खुणा फिक्या पडतात. मग पार्श्वरेषा बघायची. पट्टेवाल्यात ती दुसऱ्या पृष्ठपराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते, ठिपकेवाल्यात हळूहळू उतरते.

लेपोसारख्या चपट्या माशांचे डोळे डावीकडे की उजवीकडे, यावर हमखास गोंधळ होतो, कारण मासा उलटा धरलेला असतो. डोळ्यांची बाजू आपल्याकडे, पृष्ठपर वर, पोट खाली असा धरा. तोंड डावीकडे आले तर डोळे डाव्या बाजूचे. लेपो डावा, सोलिडी कुळातले मासे उजवे. सेटोडेस हा चपटा मासा मात्र दोन्ही तऱ्हेचा सापडतो. त्याचा पृष्ठपर डोळ्यांच्या बराच मागे सुरू होतो आणि पुढचे किरण काटेरी असतात.

वर्गीकरण लिहिताना कोणती पद्धत पाळली, हे वर नोंदवा. जुन्या पुस्तकांत बांगडा, पापलेट, हलवा, काळुंदर सगळे पर्सिफॉर्मिस गणात आहेत. डीएनएच्या अभ्यासानंतर तो गण फुटला: काळुंदर सिक्लिफॉर्मिसमध्ये, हलवा कॅरॅन्जिफॉर्मिसमध्ये, आणि बांगडा व पापलेट एकत्र स्कॉम्ब्रिफॉर्मिसमध्ये. म्हणजे पापलेट हलव्यापेक्षा बांगड्याला जवळचे. परीक्षेत अभ्यासक्रमातली पद्धत लिहा, पण नवी माहीत असू द्या. नाव देणाऱ्याभोवतीचा कंसही विसरू नका. गोव्याचा राज्यमासा शेवटो, म्हणजे म्युजिल सेफॅलस, याच्यापुढे लिनियस, १७५८ कंसाविना येते. एट्रोप्लस सुराटेन्सिस, म्हणजे काळुंदर, याच्यापुढे ब्लॉख, १७९० कंसात, कारण ब्लॉखने त्याला कीटोडॉन प्रजातीत टाकले होते.

नमुना ठेवायचाच असेल तर आधी ताज्या माशाचा फोटो घ्या, डोके डावीकडे, शेजारी पट्टी. मग थर्माकोलवर पर टाचण्यांनी पसरून त्यांवर ब्रशने दाट फॉर्मॅलिन लावा. काही मिनिटांत ते ताठ होतात. दुकानातले फॉर्मॅलिन १ भाग आणि पाणी ९ भाग असे द्रावण करा, त्यात थोडा बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लाने हाडे मऊ पडतात. मोठ्या माशाच्या पोटात द्रावण सुईने भरा, किंवा उजव्या बाजूने चीर द्या. डावी बाजू अखंड राहायला हवी. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. लहान मासा दोन-तीन दिवसांत, मोठा आठवड्याभरात पक्का होतो. नंतर पाण्यात दिवसभर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. शेपटी वाकू नये म्हणून डोके खाली. चिठ्ठी बरणीच्या आत टाका, पेन्सिलीने लिहिलेली, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तीवर जागा, तारीख, जाळ्याचा प्रकार आणि विकणारीने सांगितलेले नाव, चारही हवे.